नक्षी टिकली, जमिनीचे काय?

पेरूच्या अँडीज पर्वतातल्या अल्पाका-विणकामाविषयी हल्ली बहुतेक कौतुकानेच लिहिले जाते, आणि त्याला कारणही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुस्को परिसरातले अनेक नमुने जुन्या पिढीबरोबरच संपतील अशी भीती होती. चिंचेरो गावच्या निल्दा कायान्याउपा आल्वारेस यांनी १९९६ मध्ये कुस्कोचे पारंपरिक वस्त्रकला केंद्र उभे केले, दहा गावांतल्या विणकरांना एकत्र आणले आणि नैसर्गिक रंग पुन्हा वापरात आणले. तितिकाका सरोवरातल्या ताकीले बेटाच्या वस्त्रकलेला २००५ मध्ये युनेस्कोने गौरवले. कसब शाबूत आहे, नक्षी शाबूत आहे, गिऱ्हाईकही आहे. तरीही ही कला सुस्थितीत आहे असे मला म्हणवत नाही. ज्या शेतीवर आणि ज्या कुरणांवर ती पोसली गेली, त्यांचाच पाया खचतो आहे, आणि कलेचा हिशेब मांडताना आपण तो धरतच नाही.

या कापडात भूमी नक्षीच्या आधी धाग्यातून येते. अल्पाकाचे कळप चरतात ते साधारण चार हजार मीटरच्या वरच्या थंड माळांवर. पिवळा रंग देणारे कोये हे झाड आणि हिरव्यासाठी लागणारी चिल्का ही झुडपे डोंगरउतारांवर मिळतात, तर लाल रंग देणारे कोचिनील किडे खालच्या, उबदार खोऱ्यांतल्या निवडुंगावर वाढतात. वरचे पशुपालक मांस आणि लोकर घेऊन खाली उतरायचे आणि मका-बटाटे घेऊन परतायचे. या देवघेवीवरच विणकाम उभे राहिले. टकळीवर कातलेला, पीळ दिलेला धागा कंबरेला बांधलेल्या मागावर ताणला जातो. विणकर बाई उभ्या धाग्यांतले नेमके धागे बोटांनी उचलते आणि लामाच्या हाडाच्या टोकदार ‘रुकी’ने वीण घट्ट ठोकते. समोर कागदावर आराखडा नसतो, मोजणी सगळी डोक्यात असते. कापडाला चारही बाजूंनी विणलेलीच किनार असते. मग त्यावर नागमोडी नदी, तळे, तारा उमटतात.

ताकीलेच्या रुंद कमरपट्ट्यांवर हा संबंध आणखी स्पष्ट दिसतो. बेटावरची शेती सहा भागांत वाटलेली आहे. बटाटा, ओका हा कंद, सातू अशी पिके या भागांतून आळीपाळीने फिरतात आणि काही भाग पड ठेवला जातो. पट्ट्यावर एक गोलसर आकृती येते, तिचेही सहा भाग असतात आणि पेरलेल्या भागांत ठिपके भरलेले असतात. कोणता भाग पेरायचा आणि कोणता पड ठेवायचा, या ज्या निर्णयाने सगळे गाव बांधलेले असते, तो निर्णयच माणसे कमरेला बांधतात. तो निर्णय थांबला, तर ठिपके उरतील, पण ते कशाबद्दल बोलतात हे सांगणारे कोणी उरणार नाही.

आणि शेती-कुरणांचा हा आधार सुटत चालल्याच्या खुणा उघड आहेत. जगातले बहुसंख्य अल्पाका पेरूत आहेत, पण मोठ्या गिरण्यांना पांढरी लोकर हवी असते, कारण ती हव्या त्या रंगात रंगवता येते. तिला भाव जास्त, म्हणून पशुपालकांनी पांढरेच जनावर वाढवले आणि करडे, तपकिरी, काळे अल्पाका घटत गेले. हिमनद्या आटत असल्याने उंचावरच्या पाणथळ कुरणांवर ताण आला आहे. चिंचेरोत तर ज्या पठाराच्या रेषा कापडात उतरल्या, त्याच पठारावर २०१९ पासून नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी शेतजमीन सपाट होऊ लागली. पर्यटक वाढतील, कापड जास्त विकले जाईल, आणि कापडाला अर्थ देणारे शिवार मात्र कमी होईल.

यावर पहिला आक्षेप असा की, परंपरा नेहमीच बदलत आली आहे. मेंढी आणि पायांनी चालवायचा माग स्पॅनिश लोकांबरोबर आले, आणि ताकीलेत मेंढीची लोकर सर्रास वापरली जाते. मग अल्पाकाच्या शुद्धतेचा आग्रह कशाला? आक्षेप खरा आहे. पण मेंढी आली तेव्हा ती त्याच शेतकऱ्याच्या दावणीला बांधली गेली. लोकर, रंग आणि वीण यांचे निर्णय त्याच्याच घरात राहिले. आता लोकरीच्या जागी येणारा अ‍ॅक्रिलिकचा धागा मात्र दुकानातून येतो, त्याचा कुरणाशी काही संबंध नसतो. भडक, स्वस्त, आयता धागा बायांना आवडतो हेही मान्य केले पाहिजे, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजार नसता तर ही कला केव्हाच संपली असती, आणि चिंचेरोतल्या अनेकांना विमानतळ हवाच आहे. बाजाराने कला वाचवली यात शंका नाही. पण बाजार तयार वस्तूला पैसे देतो. पड ठेवलेल्या शेताला, तपकिरी अल्पाकाला, आळीपाळीच्या पेरणीला तो काही देत नाही. गरिबीतल्या माणसाने रोजगार निवडला, तर तो दोष त्याचा नाही. त्याच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला नाही, हा दोष धोरणाचा आहे.

म्हणून समीक्षकांनी आणि संग्रहालयांनी आपली कसोटी बदलायला हवी. किती नमुने जतन झाले यासोबत किती रंगांचे कळप उरले, किती सामुदायिक शेते अजून फेरपालटीने पेरली जातात, हेही विचारले पाहिजे. पुरस्कार आणि अनुदाने विणकराइतकीच पशुपालकाकडेही पोचली पाहिजेत, आणि रंगीत लोकरीला पांढरीइतका भाव मिळाला पाहिजे. आज अँडीजचे विणकाम कौशल्याने श्रीमंत आणि आधाराने दुबळे आहे. हा दुबळेपणा दूर केला नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती निर्दोष विणलेली, पण बेवारस नक्षी येईल.