रात्री तापणारा बंब

दिवाळीच्या अंकात खुनाच्या चित्रपटाविषयी लिहावे की नाही, यावर आमच्या घरी थोडी बोलाचाली झाली. ‘‘सणासुदीला कसली मढी उकरून काढता? नाटकावर लिहा, गाण्यावर लिहा,’’ असे कुटुंबाचे म्हणणे पडले. मी म्हटले, अगो, ज्या चित्रपटातली निम्मी दृश्ये न्हाणीघरातच घडतात, त्याच्याविषयी नरक चतुर्दशीच्या सुमारास नाही लिहायचे तर केव्हा लिहायचे? या कोटीवर तिने चकल्यांचा सोऱ्या हाती घेतला आणि मी लेखणी.

चित्रपटाचे नाव ‘मेलान्कोलिक’. जपानी आहे. सेइजी तानाका नावाच्या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०१८ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात, स्वतंत्रपणे केलेल्या जपानी चित्रपटांच्या विभागात तो दाखवला गेला आणि तिथे तानाकांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी तो जपानातल्या चित्रपटगृहांत आला. खर्च सारा तीस लाख येनांचा, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले अठरा-वीस लाख रुपये. एवढ्या पैशांत आपल्याकडे एखादे लग्न होते, आणि त्यातही व्याही रुसतातच.

हा चित्रपट मला दाखवला माझ्या भाच्याने. त्याचे नाव सांगत नाही. ते त्याला आवडणार नाही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो दोन वर्षे घरी आहे. मागल्या दिवाळीत तो फराळाला आला तेव्हा मी सवयीप्रमाणे ‘‘मग, पुढे काय?’’ असे विचारले, आणि त्याने सवयीप्रमाणे ‘‘बघतोय, मामा’’ असे उत्तर दिले. मग बराच वेळ शेवेचा कुरकुराट तेवढा ऐकू येत होता. जेवणे झाल्यावर त्याने आपला संगणक उघडला आणि म्हणाला, ‘‘मामा, हा बघा. तुम्हांला आवडेल.’’ त्याने हाच का निवडला, हे कळायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

कथेचा नायक काझुहिको टोकियो विद्यापीठाचा पदवीधर आहे. जपानात त्या विद्यापीठाचे नाव काढले की पुढचे काही बोलावे लागत नाही. तिथला मुलगा मोठ्या कचेरीत बसणार, हे शेजारीपाजारी गृहीतच धरून चालतात. पण हा काझुहिको कुठल्याच कचेरीत बसलेला नाही. लहानसहान कामे करीत, आईबापांच्या घरी राहून तो दिवस ढकलतो आहे. आईबाप त्याला टोचून बोलत नाहीत. रात्री तिघे जेवायला बसतात, आई वाढते, बाप जेवतो, मुलगा खाली मान घालून घास घेतो. एका साध्या स्वयंपाकघरातली ही जेवणे चित्रपटात पुनःपुन्हा येतात. पहिल्यांदा मला ती घरातली मुकी बोलणी वाटली. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वाटले, नाही, ही माया आहे. फक्त तिला बोलता येत नाही. आता तिसऱ्यांदा पाहून लिहितो आहे, आणि अजून माझे मत एका जागी ठरत नाही. दिग्दर्शकाची ही कमाई मी मोठी मानतो.

एके दिवशी काझुहिको सार्वजनिक स्नानगृहात जातो. तिथे शाळेत बरोबर असलेली युरी भेटते आणि त्या ओळखीच्या धाग्याने त्याला त्याच स्नानगृहात नोकरी लागते. आता हे ‘सेन्तो’ म्हणजे काय ते वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. घरोघर न्हाणीघरे नव्हती त्या काळापासून जपानी शहरांत मोहल्ल्या-मोहल्ल्याला असे एकेक स्नानगृह असे. पैसे द्यायचे, पादत्राणे काढायची, बाहेर अंग स्वच्छ धुऊन मग सगळ्यांच्या मोठ्या कढत टाक्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचे. भिंतीवर बहुधा फुजी पर्वताचे चित्र. ही चाल टोकियोच्या कांदा भागातल्या एका स्नानगृहाने १९१२ साली पाडली. १९६८ च्या सुमारास देशात अशी अठरा हजार स्नानगृहे होती; आता ती दोन हजारांच्या आत आली आहेत. म्हणजे नायकही मागे पडलेला आणि त्याची नोकरीची जागाही मागे पडलेली. चित्रण एका खऱ्याखुऱ्या, चालत्या स्नानगृहात झाले आहे, आणि ते पाहताना जाणवते: फरशा झिजलेल्या आहेत, लाकडी खणांना हात लागून लागून तकाकी आली आहे. तीस लाखांत असा देखावा उभारता येत नसतो. तो मागून आणावा लागतो.

तर या स्नानगृहाचा मालक आझुमा रात्री दुकान बंद झाल्यावर ती जागा गुंडांना वापरायला देतो. माणसे आणायची, मारायची, रक्त फरशीवरून मोरीत सोडायचे, आणि प्रेत पाणी तापवणाऱ्या बंबाच्या भट्टीत घालायचे. विचार केला तर या कामाला याहून सोयीची जागा नाही. सकाळी म्हातारेकोतारे त्याच टाक्यात ‘आहाहा’ करीत बसतात! एका रात्री काझुहिको हे सगळे पाहतो. आता आपल्यालाही मारणार, या भीतीने तो गारठतो. पण त्याला मारीत नाहीत. त्याच्या हाती घासणी देतात. साफसफाई उरकल्यावर वर एक पाकीट मिळते. त्यात नोटा.

इथून पुढे चित्रपट ज्या वाटेने जातो ती माझ्या मते त्याची खरी करामत आहे. दुसऱ्या कुणीही इथे नायकाला पोलिसांकडे धावायला लावले असते, नाही तर पश्चात्तापात लोळवले असते. तानाकांचा नायक मात्र खूश होतो! त्याची छाती किंचित पुढे येते. कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, जोखमीचे काम दिले, वर बक्षिशी दिली. त्या पैशांतून तो युरीला जेवायला नेतो. आणि पुढे एका रात्री त्याला न बोलावता बरोबरीच्या मात्सुमोतोला बोलावतात, तेव्हा हा गृहस्थ चक्क रुसतो. एखाद्या कारकुनाने, आपल्याला डावलून धाकट्याला बढती दिली म्हणून रुसावे, तसा. काम कसले, तर मुडद्याखालची फरशी धुण्याचे! मी या जागी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आले. शेजारी पाहिले तर भाचा हसत नव्हता. आणि काझुहिको वर्गमित्रांच्या मेळाव्यात जातो, जो तो आपापले कसे चालले आहे ते सांगू लागतो, तिथे भाचा खो खो हसला आणि मला कुठे पाहावे ते कळेना.

ज्याला इंग्रजीत ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात त्या जातीचा हा विनोद. या जातीला धोका एकच असतो. मरणाचे ओझे एकदा हलके केले की ते इतके हलके होते की त्यात काही उरत नाही. जुन्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मधल्या सोज्वळ म्हाताऱ्या पाहुण्यांना विष पाजतात आणि आपण हसतो, कारण ते जगच खोटे असते. ताकेशी कितानोंच्या ‘सोनातिने’मध्ये (१९९३) गुंड समुद्रकाठी लहान पोरांसारखे खेळतात आणि आपल्याला हसता हसता धस्स होते, कारण मरण कुठे दूर गेलेले नसते. तानाकांची वाट या दोहोंहून निराळी. त्यांच्याकडे मरण ही एक नोकरी आहे. तिला पाळी आहे, वरिष्ठ आहेत, रुसवेफुगवे आहेत, आणि ती सोडता येत नाही हेही आहेच. गंमत म्हणजे त्या गुंडांच्या म्होरक्याचे आडनाव दिग्दर्शकाने आपलेच ठेवले आहे: तानाका. जपानात ते आडनाव पैशाला पासरी, तेव्हा योगायोगही असेल. पण नटांकडून रात्री-बेरात्री काम करवून घेणाऱ्या माणसाला ही थट्टा सुचली असेल तर मला नवल वाटणार नाही.

नटांविषयी लिहायचे तर मात्सुमोतोपासून सुरुवात करावी लागेल. केस पिवळे रंगवलेला, पहिल्या भेटीत उडाणटप्पू वाटणारा हा पोरगा आपल्या भयंकर धंद्यात किती नेमस्त आणि किती एकाकी आहे, हे योशितोमो इसोझाकी या नटाने फार थोड्या हालचालींत दाखवले आहे. त्याच्या अंगात झटपटपणा आहे आणि चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. काझुहिकोचे काम करणारे योजी मिनागावा नेमके उलट. खांदे पडलेले, बोलणे अडखळत, चालणे जणू परवानगी मागत. हे दोघे आणि दिग्दर्शक, अशा तिघांनी मिळून ‘वन गोज’ नावाची मंडळी काढली आणि तिचा हा पहिला चित्रपट. मिनागावा तर त्याचे निर्मातेही. कुणी बोलावीत नाही तर आपणच आपल्याला बोलावू, असा हा मामला. चित्रपटातल्या बेकाराचे दुःख त्यांनी लांबून पाहून लिहिलेले नाही, हे पडद्यावर कळते.

दोष आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात चित्रपट आपली चाल सोडून बंदुकांच्या वाटेला लागतो. तिथे पैसा कमी पडल्याचे दिसते; त्याआधी कुठेही दिसत नाही. युरी गोड आहे, पण नुसतीच गोड; काझुहिकोत तिला काय दिसले हे तिलाही कुणी विचारलेले नाही. आणि माझी मोठी तक्रार अशी की, त्या फरशीवर जे मरतात त्यांना चेहरे नाहीत. ते कोण, कुणाचे मुलगे, कुणाच्या घरी त्यांचे ताट वाढून ठेवले होते, याचा पत्ता लागत नाही. भाच्याशी माझा वाद झाला तो यावरच. तो म्हणाला, ‘‘मामा, काझुहिकोला ते चेहरे दिसत नाहीत, म्हणून आपल्यालाही दिसत नाहीत. त्याला पाकीट दिसतं.’’ उत्तर हुशारीचे होते. पण ज्या दिग्दर्शकाने एका घरातल्या तीन माणसांचे जेवण इतक्या जिव्हाळ्याने दाखवले, त्याने दुसऱ्या एखाद्या घरातले रिकामे ताट एकदा तरी दाखवायला हवे होते, हे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

शेवट सांगत नाही. ज्यांना पाहायचा आहे त्यांची मौज जाईल. एवढेच सांगतो की, त्या सगळ्या गोळागोळीनंतर दिग्दर्शक पुन्हा त्या स्नानगृहाशी, चार माणसांच्या बसण्या-उठण्याशी येतो आणि तिथे त्याची पकड परत बसते. भाच्याला तो शेवट आशेचा वाटला. मला तो आशेचा वाटायला थोडी भीती वाटली. माणसाला समाधान मिळायला इतके कमी लागते, आणि ते इतक्या वाईट रस्त्यानेही मिळू शकते, हे पचवणे जड जाते. त्या रात्री तो जायला निघाला तेव्हा जिन्यापर्यंत मी त्याला पोचवायला गेलो. पुढे काय, हे मी विचारले नाही. त्यानेच सांगितले की, दोन मित्रांबरोबर तो एक लहानसा चित्रपट लिहितो आहे. पैसे कुठून आणणार, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता.

परवा हा लेख पुरा करण्यासाठी चित्रपट पुन्हा लावला तेव्हा कुटुंबही हात पुसत येऊन बसले. मढी उकरण्याची तक्रार विसरून तिने तो अखेरपर्यंत पाहिला. मत विचारले तर म्हणाली, ‘‘गोष्ट चांगली आहे. पण त्या मेल्याला फरशी घासता येत नाही. कोपरे सगळे तसेच सोडले.’’