अफवेचा वेग आणि संशयाचे मूळ

समाजमाध्यमांतून माहिती कशी पसरते याच्या चर्चेत सारा भर वेगावर असतो. व्होसूघी, रॉय आणि अरल यांचा २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेला लेख याचा ठळक नमुना. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के अधिक, आणि हे काम मुख्यतः माणसांचे, यंत्रांचे नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. खोट्यात नावीन्य असते म्हणून ते धावते, असे कारण ते सुचवतात.

या अभ्यासाचे मोल मान्य करूनही म्हणावे लागते की, नावीन्याची ही मीमांसा आपल्या वास्तवाला पुरत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पोचली होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले.

या अफवेत नवे काय होते? भटका म्हणजे चोर, ही समजूत मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला. संशय राहिला आणि तो सगळ्याच भटक्यांना चिकटला. संदेश कोणी पारखला नाही, कारण तो मनात आधीच लिहिलेला होता. शिवाय व्हॉट्सॲपवरचा मजकूर ओळखीच्या माणसाकडून येतो. ही ओळख गाव, भावकी, जात यांच्या धाग्यांनी विणलेली असते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याचा शब्द त्या विणीत शिरतच नाही.

राईनपाडा आदिवासी वस्तीचा आहे, हेही कटू असले तरी सांगितले पाहिजे. व्यवस्थेने पेरलेला संशय शोषितांच्याही मनात रुजतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतासाठी जाहीर केली. तिने वेग कमी होईल, संशय नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण आपला शब्द पोचवणारे साधन आपल्याजवळ नव्हते. आज साधन खिशात आहे. परंतु चळवळीच्या आपल्या गटांत तरी पालावरचा माणूस आहे काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःला विचारावा.