साधनवर्णनांचे मूल्यमापन : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भाषा-मॉडेलवर आधारलेला एजंट स्वतः तिकीट काढीत नाही किंवा ग्रंथालयातील नोंद बदलत नाही. ही कामे करणारे सॉफ्टवेअर त्याच्यापुढे ‘साधन’ म्हणून ठेवले जाते. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंगची सोय उपलब्ध करून दिली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. या दोन्ही पद्धतींत एजंटाला साधनाची ओळख प्रामुख्याने तीन गोष्टींवरून होते : नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा आराखडा. साधनाच्या आतील कोड सामान्यतः त्याच्यापुढे नसतो. साहजिकच वर्णन हे केवळ माहितीपत्रक न राहता निर्णयाचा आधार बनते. असे असूनही प्रचलित कसोट्यांनी प्रामुख्याने वाचकाची, म्हणजे मॉडेलची परीक्षा घेतली. मजकुराची परीक्षा मागे राहिली.

प्रचलित कसोट्यांचे स्वरूप

२०२३ मधील ‘टूलएलएलएम’ या संशोधनात रॅपिडएपीआय या संग्रहातील १६,४६४ एपीआय वापरले गेले. २०२४ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी फंक्शन कॉलिंगची गुणवत्तासूची सुरू केली. दिलेल्यांपैकी एकही साधन उपयोगाचे नसेल, तर मॉडेल थांबते की नाही, हेही तीत तपासले जाते, ही तिची जमेची बाजू होय. त्याच वर्षीच्या ‘टाऊ-बेंच’ने आणखी एक पाऊल टाकले. संवादाच्या शेवटी माहितीसाठ्याची स्थिती अपेक्षेप्रमाणे आहे का, हे तीत पाहिले जाते आणि तेच काम अनेकदा देऊन सातत्यही जोखले जाते.

या प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या मूळ रचनेत वर्णन स्थिर असते व मॉडेल बदलते. त्यामुळे चूक झाल्यास ती वाचकाच्या अल्पमतीची की लेखकाच्या संदिग्धतेची, याचा उलगडा गुणांवरून होत नाही. याला अपवाद आहेत. केवळ दस्तऐवज वाचूनही मॉडेल साधने वापरू शकते आणि नमुना-उदाहरणे नसली तरी चालते, असे २०२३ मधील एका अभ्यासाने दाखविले; लांबलचक व विसंगत दस्तऐवज संक्षिप्त सूचनांत बदलल्यास कामगिरी सुधारते, हे २०२४ मधील ‘ईझीटूल’ने दाखविले. मजकूर बदलून पाहण्याची ही दिशाच अधिक फलदायी आहे.

संदिग्धतेचे उदाहरण

समजा, एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने दोन साधने दिली. पहिल्याचे वर्णन ‘पुस्तकाची उपलब्धता पाहते’ असे, तर दुसऱ्याचे ‘पुस्तक उपलब्ध करून देते’ असे आहे. दुसरे साधन प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या नावावर प्रत राखून ठेवते. ‘हे पुस्तक उपलब्ध आहे का?’ या साध्या प्रश्नावर एजंटाने दुसरे साधन निवडले, तर एक प्रत विनाकारण अडकून पडेल. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि सुटी वाचली असता पुरेशीही वाटतात. दोष शेजारी ठेवल्यावरच दिसतो. म्हणून वर्णनाचे परीक्षण एकाकी न करता, ज्या साधनसमूहात ते वावरणार आहे त्यातच केले पाहिजे.

निवड आणि सत्यता

येथे एक धोका संभवतो. ज्या वर्णनामुळे साधन अधिक वेळा निवडले जाते ते उत्तम, असे मानल्यास वर्णनाची जाहिरात होईल. प्रभावी वर्णन आणि सत्य वर्णन या भिन्न गोष्टी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सने साधनांच्या वर्णनातच छुप्या सूचना दडवून एजंटाला भलत्या कामास लावता येते, हे उघड केले. साधन केवळ वाचते की विध्वंसक बदल करते, हे सांगणारी टिपणे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये देता येतात. पण विश्वसनीय सर्व्हरकडून आलेली नसतील तर ती अविश्वसनीय मानावीत, असे त्या मानकातच बजावलेले आहे. म्हणजे वर्णनाची ग्वाही वर्णनानेच देणे पुरेसे नाही. तिचा ताळा प्रत्यक्ष वर्तनाशी घातला पाहिजे.

समारोप

साधनवर्णनाच्या मूल्यमापनासाठी वरील विवेचनातून तीन निकष पुढे येतात. मॉडेल व कामे स्थिर ठेवून वर्णन बदलल्यास परिणामात किती फरक पडतो, हा पहिला. शेजारच्या साधनांपासून ते स्वतःला किती स्पष्टपणे वेगळे करते आणि आपला उपयोग कोठे करू नये हे सांगते का, हा दुसरा. वर्णनात सांगितलेले आणि साधन प्रत्यक्षात करते ते यांत मेळ आहे का, हा तिसरा. पहिले दोन निकष उपयुक्ततेचे, तर तिसरा प्रामाणिकपणाचा आहे. तिसऱ्यात अनुत्तीर्ण ठरलेल्या वर्णनास पहिल्या दोहोंतील गुण तारू शकत नाहीत; उलट ते जितके प्रभावी, तितकी त्यापासूनची हानी अधिक.