उमरावाचं भिंग आणि सरकारी तिजोरी : एका गाजलेल्या पत्राचं वाचन



आज आपण एका पत्राची समीक्षा करणार आहोत. पत्र जुनं आहे, ६ मे १९७० चं. लिहिणारे अर्न्स्ट श्टूलिंगर. अमेरिकेतल्या हंट्सव्हिल इथल्या मार्शल अवकाश केंद्रात ते विज्ञान विभागाचे मोठे अधिकारी होते. ज्यांना लिहिलं त्या सिस्टर मेरी जुकुंडा, झांबियातल्या काब्वे इथे भुकेल्या मुलांमध्ये काम करणाऱ्या जोगीण. त्यांचा प्रश्न सरळ होता: इतकी मुलं उपाशी मरत असताना मंगळावर जाण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्च करा, असं तुम्ही सुचवूच कसं शकता?

चांद्रयान असो, मंगळयान असो, दरवेळी हे उत्तर नव्याने फिरतं. एवढं फिरणारं लेखन वाङ्मय म्हणूनही तपासायला हवं. त्यात एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवू. फिरतं ते उत्तर. सिस्टरांचा प्रश्न आपण वाचतो तो श्टूलिंगरांनी सांगितला तेवढाच. म्हणजे वादी गैरहजर आणि प्रतिवादीच दोन्ही बाजू मांडतोय, अशी ही सुनावणी आहे.

पत्राचा सूर मात्र मोठा सुंदर आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. श्टूलिंगर प्रश्न उडवून लावत नाहीत. सिस्टरांच्या कामाला आधी मनापासून नमस्कार करतात, आणि मग एक गोष्ट सांगतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका लहान गावात एक दयाळू उमराव होता. आपल्या उत्पन्नातला मोठा हिस्सा तो गरिबांना द्यायचा. एकदा त्याला भिंगं घासणारा एक विक्षिप्त माणूस भेटला. उमरावाने त्याला वाड्यावर ठेवून घेतलं. गाव चिडलं: इथे आम्ही साथीने मरतोय आणि हे खेळण्यांवर पैसे उडवतायत! उमराव म्हणाला, तुम्हाला देतो ते देतच राहीन, पण यालाही देईन. पुढे त्या भिंगांतून सूक्ष्मदर्शक आला, आणि प्लेगसारख्या साथी हटवण्यात त्याचा वाटा मोठा ठरला.

दृष्टान्त गोड आहे, आणि खोट आहे ती या गोडव्यातच.

पहिली गोष्ट, उमराव पैसा स्वतःचा देतो. स्वतःच्या पैशाने कोणी भिंगं घासून घेतली तर गावाने कुरकुर करावी, पण हिशेब मागायचा हक्क गावाला नाही. सरकारी तिजोरी ही काही उमरावाची थैली नव्हे. काडेपेटी घेणारासुद्धा त्यात कर भरतो. म्हणजे खऱ्या गोष्टीत गावच उमराव आहे! गोष्टीतलं गाव फक्त चिडतं आणि नंतर उपकृत होतं. त्याला विचारत कोणीच नाही.

दुसरी गोष्ट काळाची. प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली, हाँगकाँगमध्ये. म्हणजे भिंगापासून जंतूपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं गेली. आणि जंतू सापडल्यावर तरी काय झालं? १८९७ साली हाफकिनची लस मुंबईतच तयार झाली. त्याच साली मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यानंतरच्या काही दशकांत या देशात प्लेगने कोटीवर माणसं नेली. भिंग होतं, जंतू माहीत होता, लस होती. तरी भिंग ते माणूस हे अंतर उरलंच होतं. ते कापायला दवाखाने लागतात, स्वच्छ वस्त्या लागतात, लोकांचा विश्वास लागतो. दृष्टान्तात हा सगळा रस्ता एका वाक्यात संपतो.

आता पत्राची भक्कम बाजू घेऊ. श्टूलिंगर म्हणतात, अवकाशाचा खर्च कापला म्हणून तो पैसा आपोआप उपाशी मुलाच्या ताटात जात नाही. हे खरं आहे, आणि पुढच्या इतिहासाने त्याला दुजोराच दिला. १९६६ च्या सुमारास नासाचा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात चार टक्क्यांच्या वर होता. १९७५ पर्यंत तो एक टक्क्याच्या आसपास आला. चंद्रावरच्या ठरलेल्या मोहिमाही रद्द झाल्या. आणि गरिबी? सरकारी मोजणीत १९६९ साली सुमारे बारा टक्के, १९७९ साली जवळपास तेवढीच. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी राल्फ ॲबर्नथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळाशी गेले होते. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना सामोरे गेले आणि म्हणाले की उड्डाण थांबवून गरिबी हटणार असती तर आम्ही ते थांबवलं असतं. ॲबर्नथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली. दोघंही प्रामाणिक होते, पण खेचरांच्या गाड्या तशाच परत गेल्या.

पण 'आपोआप जात नाही' याचा अर्थ 'जाऊच शकत नाही' असा होतो का? इथे आपल्याच राज्याकडे बघू. १९७२ चा दुष्काळ पडला. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती. तिला पैसा हवा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, आणि ती गावच्या रोजगारासाठी. पुढे हमीचा कायदाही झाला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ दिसते. पैसा एका खिशातून दुसऱ्या ताटात गेला. आपोआप गेला नाही हे खरं, कायदा करून पाठवावा लागला. श्टूलिंगर ज्याला जणू निसर्गनियम म्हणून सांगतात, तो राजकीय इच्छेचा प्रश्न आहे.

पत्राची आणखी एक बाजू खरी ठरली. उपग्रह पिकं बघतील, हवामान सांगतील, असं ते १९७० मध्ये म्हणतात, आणि दोनच वर्षांत लँडसॅट वर गेला. आपल्याकडे तर हाच विचार कार्यक्रमाच्या मुळाशी होता. विक्रम साराभाईंची भूमिका सगळे सांगतात, पण अर्धीच. प्रगत तंत्र लोकांच्या प्रश्नांना लावण्यात आपण कोणाच्या मागे राहता कामा नये, हा अर्धा भाग भिंतीवर लागतो. चंद्र, ग्रह किंवा माणसासह उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आपण बघत नाही, हा दुसरा अर्धा भाग तिथे नसतो. त्या विचारातून १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोग झाला. नासाचा उपग्रह उसना घेतला, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत वर्षभर शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. सिस्टर जुकुंडांना द्यायचं खरं उत्तर हे होतं. त्यात तीनशे वर्षं थांबायला कोणी सांगत नव्हतं.

तरी इथेही एक गाठ मारून ठेवू. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा आपले इन्सॅट उपग्रह आकाशात होते की! वादळ दिसत होतं. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. मधल्या काळात अंदाज सुधारले, ते खरंच. पण पक्के निवारे बांधले गेले, गावोगावी सराव झाले, राज्याने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. उपग्रहाने इशारा दिला आणि म्हातारीला हाताला धरून निवाऱ्यात नेलं ते जमिनीवरच्या खर्चाने. एकावर खर्च करून दुसऱ्यावर हात आखडला, तर पहिलाही वाया जातो.

आता आजचं बोलू. मंगळयान ४५० कोटींत झालं, आणि 'ग्रॅव्हिटी' या हॉलिवूडपटापेक्षा स्वस्त, असं खुद्द पंतप्रधानांनी २०१४ मध्ये सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण स्वस्त हा गुण आहे, कारण नव्हे. बाजारात वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घ्यायची गरज सिद्ध होत नाही. उलट बाजूने, अवकाश विभागाचा वर्षाचा खर्च साधारण तेरा हजार कोटी, केंद्राच्या अंदाजपत्रकात रुपयाला पाव-एक पैसा. तेवढ्याने देशाची गरिबी अडली आहे, असं म्हणणंही हिशेबाला धरून नाही. दोन्ही बाजूंनी ढोबळ वाक्यं फेकली जातात, आणि मोहीमवार प्रश्न विचारायचा राहून जातो. हवामानाचा उपग्रह, चंद्रावरचं यान आणि गगनयान ही तीन वेगळी कामं आहेत. गगनयानाला मंजूर रक्कम आता वीस हजार कोटींवर गेली आहे. त्याचं समर्थन मच्छीमाराला मिळणाऱ्या वादळाच्या इशाऱ्याने करता येणार नाही. साराभाईंच्या नावानेही नाही. त्याचं समर्थन त्याच्याच पायावर करावं: कुतूहल, कौशल्य, राष्ट्राची हौस, जे असेल ते स्पष्ट सांगून. हौसही हक्काची असते, पण ती हौस म्हणून मागावी आणि संसदेत तिच्यावर वाद व्हावा.

आमचं मत विचाराल तर अवकाशावर खर्च व्हावा. कुतूहल हे काही श्रीमंतांचंच नसतं, आणि चांद्रयान उतरलं तेव्हा २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी खेड्यातली शाळकरी पोरंही पडद्यासमोर बसली होती. पण त्या पोरांच्या शाळेत प्रयोगशाळा आहे का, हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवायचं नाही.

पत्रासोबत श्टूलिंगरांनी एक छायाचित्र पाठवलं होतं. अपोलो ८ ने १९६८ च्या नाताळात चंद्रापासून टिपलेली पृथ्वी. ते म्हणतात, या चित्राने आपल्याला आपलं घर दाखवलं. दाखवलं, खरंच. फक्त तेवढ्या लांबून काब्वे दिसत नाही. ते बघायला सिस्टर जुकुंडांसारखं कोणीतरी जवळ उभं असावं लागतं, आणि अंदाजपत्रक ठरवताना त्यांनाही बोलावलेलं असावं लागतं.