समेट कुणी, कुणाशी करायचा?

माझ्या आईचं माहेर ख्रिस्ती, सासर बौद्ध. त्यामुळं घरात बायबल आणि बाबासाहेब दोन्ही लहानपणापासून. भांडण व्हायचं ते शब्दांवरून, आणि तेही माझं नि मामाचं.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेला. शेवटचे पंधरा दिवस तो खाटेवर होता. त्या दिवसांत एकदा पाळकसाहेब आले आणि त्यांच्या मागोमाग गावातला एक बडा शेतकरी आला. या माणसाच्या बापानं वर्षानुवर्षं बांध कोरून मामाची दीड एकर खाल्ली होती. 1994 साली मामा विचारायला गेला तेव्हा त्याला चावडीपुढं चपलेनं मारलं होतं. बाप मेला, जमीन पोराकडं आली. पोरगा खाटेजवळ उभा राहून म्हणाला, झालं गेलं विसरून जा. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, पाचवा अध्याय. देवानं ख्रिस्ताच्या द्वारे तुझ्याशी समेट केलाय, तूही समेट करूनच जा, असं त्यांचं म्हणणं.

मामा म्हणाला, "जमिनीचं काय बोलला का त्यो?"

कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

मी कोपऱ्यात बसलो होतो. मला पाळकसाहेबांचा राग आला, पण त्याहून जास्त त्या शब्दाचा आला. समेट! म्हणून हे लिहितोय. मी दहावीपर्यंत शिकलो, सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला रिंग फ्रेमवर उभा असतो. धर्मशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. पण कविता लिहिणाऱ्याला शब्द उलटा करून झटकायची खोड असते. मामीनं मामाचं बायबल मला दिलं. ते वाचून झालं, मग त्याच्या आजूबाजूचंही मिळेल तसं वाचलं.

०

आधी शब्द. मराठी बायबलात या बाबतीत दोन शब्द शेजारी नांदतात. एक प्रायश्चित्त, दुसरा समेट. प्रायश्चित्त हा शब्द आपल्याला परका नाही. तो भटाच्या तोंडचा आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांच्या मागं प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं. म्हणजे या शब्दाच्या पोटात विटाळ आहे. शिवणारा शुद्ध होऊन परत पंगतीला बसतो. ज्याला शिवला त्याला काय मिळतं? काही नाही. त्याला कुणी विचारतच नाही. असला शब्द क्रुसाला चिकटवला की कितीही सोवळा अर्थ सांगा, आमच्या कानाला जानवं दिसतंच.

समेट त्यापेक्षा बरा. समेटाला दोन बाजू लागतात. पण कामगाराला हा शब्दही जपून ऐकावा लागतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागं घेतला गेला नाही आणि समेटही झाला नाही. कामगार मोडले, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. आणि जिथं समेट होतात तिथं तरी कसे होतात? गेटवर कागद येतो, खाली सही कर नाहीतर उद्यापासून येऊ नको. माझ्या खोलीतला बिहारी पोरगा सकाळी उठला की म्हणतो, समेट लो. म्हणजे पसारा गोळा कर, आवर. आमच्या वाट्याला आलेले बरेच समेट याच जातीचे, आवराआवरीचे.

पौलाचा मूळ ग्रीक शब्द आहे कतल्लगे. त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे, जुन्या ग्रीकात नाणी बदलून घेण्यालाही तो चाले. पौल हाच शब्द नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईनं परत नवऱ्याशी जुळवून घेण्याबद्दल वापरतो. म्हणजे देवळातला शब्द त्यानं घेतला नाही. बाजारातला, घरातला, भांडणातला घेतला. कवी म्हणून मला हे आवडलं. आणि त्यानं त्या शब्दाला जो पीळ दिला तो तर फारच आवडला. रीत अशी की ज्यानं चूक केली त्यानं खाली मान घालून यावं. पौल म्हणतो, इथं उलटं झालं. ज्याच्याविरुद्ध चूक झाली तो देव स्वतः उठून आला. माणूस वैरी असतानाच आला. रोमकरांच्या पत्रातही तो हेच सांगतो. करिंथकरांच्या या अध्यायात देवाचा राग कुणी शांत केला असं कुठं लिहिलेलं नाही. देवानं हिशोबाची वही बाजूला ठेवली, असं आहे.

मग ती वही परत कुणी आणली? कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं 1098 च्या सुमारास देव माणूस का झाला या प्रश्नावर एक पुस्तक पुरं केलं. त्यात पाप म्हणजे देवाच्या मानाला लागलेला धक्का. तो मान भरून दिला पाहिजे, माणसाची ऐपत नाही, म्हणून देवपुत्रानं भरला. तो काळ सरंजामदारांचा. मालक आणि त्याची कुळं, मालकाचा मान आणि कुळाची बाकी. ही बाकी पुढं मिशनऱ्यांच्या प्रवचनातून आमच्या खेड्यात आली. आमच्याकडं सावकार आधीच होता. त्याच्या वहीशेजारी आणखी एक वही उघडली गेली.

०

बाबासाहेबांनी नेमकं इथं बोट ठेवलंय. 1938 च्या एक जानेवारीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्या मनाची पकड घेतल्याचं सांगितलं होतं. म्हणजे त्यांचं ख्रिस्ताशी वैर नव्हतं. पण धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरचा त्यांचा लेख वाचा. तो त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे, 1989 साली छापला गेला. त्यांचा मुद्दा असा : माणूस त्याच्या पापामुळं खाली पडला असं शिकवलं की तो आजूबाजूची परिस्थिती बदलायला उठत नाही. अस्पृश्याला पाडलं कुणी? व्यवस्थेनं. त्याला सांगता काय? तुझ्या पापाची क्षमा माग. मग ज्यानं पाडलं त्याच्याकडं नजर जातच नाही.

मामाच्या खाटेशी दुसरं काय घडलं? जमीन ज्याची गेली त्याला पापी धरून समेटाला बसवलं. जमीन ज्याच्याकडं आहे तो साक्षीदार होऊन उभा राहिला.

हाँगकाँगमध्ये कारखान्यातल्या कामगारांत काम करणारे रेमंड फंग 1980 साली मेलबर्नच्या मिशन परिषदेत हेच बोलले होते. माणूस पाप करणारा असतो, तसा तो ज्याच्यावर पाप केलं गेलं असाही असतो. चर्च पहिल्याशी बोलतं, दुसऱ्याशी बोलायची भाषा त्याच्याकडं नाही. आपल्याकडं अरविंद निर्मल यांनी 1980 च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी केली. त्यांनी येशूलाच दलित म्हटलं. ही मांडणी आमच्या तालुक्याच्या चर्चपर्यंत अजून पोचायची आहे.

पाळकसाहेबांची बाजूही मांडतो, नाहीतर टीका एकतर्फी होईल. ते म्हणतील, देवाविरुद्ध चूक झाली आणि तरी तोच पुढं आला, मग ज्याच्याविरुद्ध चूक झाली त्या माणसानंही पुढं यावं. ऐकायला सरळ आहे. पण यात एक खोट आहे. देव सिंहासनावरून क्षमा करतो. त्याच्या हातात न्याय आहे, तो नाही म्हणू शकत होता. मामा खाटेवरून कसली क्षमा करणार? ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या होकाराला क्षमा म्हणत नाहीत. त्याला गेटवरची सही म्हणतात.

आणि मामाला सोय नव्हती हे मी उगाच म्हणत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 ला शीख आले, 1990 ला आम्ही बौद्ध आलो. ख्रिस्ती बाहेर. म्हणून 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा मामासाठी नव्हता. सरकारच्या कागदावर तो महार राहिला नव्हता. मारणाऱ्याच्या लेखी मात्र पक्का महार होता. चपलेनं त्याचा धर्म विचारला नाही.

०

आता गंमत बघा. पाळकसाहेबांच्या विरुद्धचे साक्षीदार त्यांच्याच पुस्तकात आहेत.

पहिला मत्तय, पाचवा अध्याय. येशू सांगतो, वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. उठायला कुणाला सांगितलंय? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. तक्रार करणाऱ्याला नाही. देव म्हणतो मी थांबतो, तू आधी त्याचं मिटवून ये. म्हणजे देवाशी समेटाचा रस्ता बांधावरून जातो.

दुसरा लूक, एकोणिसावा अध्याय. जक्कय, मुख्य जकातदार, लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आपण होऊन जातो. इथंही देवच आधी उठतो, पौलाचा मुद्दा खोटा पडत नाही. पण जक्कय झालं गेलं विसरा असं म्हणत नाही. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. या घराला तारण झालं असं येशू म्हणतो ते हा आकडा ऐकल्यावर. चौपट! मामानं तर फक्त दीड एकर मागितली होती.

तिसरा इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. यहुदी आणि परके यांच्यातली आडभिंत ख्रिस्तानं पाडली आणि दोघांचा क्रुसाद्वारे देवाशी समेट केला. ही आडभिंत नुसती अलंकाराची नाही. यरुशलेमच्या मंदिरात खरोखर तसा कठडा होता. त्यावरचा ग्रीक भाषेतला दगड 1871 मध्ये सापडला, तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. परक्यानं पुढं पाऊल टाकलं तर मरणाला तोच जबाबदार, अशी त्यावर ताकीद. ज्यांच्या आज्यांनी 1930 साली काळारामाच्या दारात लाठ्या खाल्ल्या त्यांना या दगडाचं भाषांतर लागत नाही. तर या पत्रात आधी भिंत पडते. भिंत ठेवून पलीकडून हात हलवणं याला तिथं समेट म्हटलेलं नाही.

पौलालाही मी मोकळा सोडत नाही. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा. गुलाम अनेसिम मालकापासून दूर झालाय. पौल त्याला परत मालकाकडं पाठवतो. गुलाम नव्हे, भाऊ म्हणून घे म्हणतो, काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो. पण याला मोकळा कर हे तीन शब्द सरळ लिहीत नाही. त्या न लिहिलेल्या तीन शब्दांतून अमेरिकेतले गुलामांचे मालक आरामात निसटले. पळालेले गुलाम परत करायच्या कायद्याला त्यांनी याच पत्राचा आधार दिला. कवितेत न बोललेलं चालतं. जिथं माणसाच्या पायात बेडी आहे तिथं चालत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर दक्षिण आफ्रिका बघा. तिथल्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चनं 1857 साली काहींच्या दुर्बलतेसाठी म्हणून वेगळ्या उपासनेला मान्यता दिली. एकाच प्रभूचं भोजन, पंगती दोन. पुढं सगळं राज्यच तसं झालं. 1982 मध्ये त्याच परंपरेतल्या काळ्या-मिश्र लोकांच्या चर्चनं बेलहारचं कबुलीपत्र मांडलं, 1986 ला स्वीकारलं. त्यात ऐक्य, समेट आणि न्याय ही तिन्ही एका दमात येतात. 1985 च्या सप्टेंबरात कैरॉस दस्तऐवज निघाला. त्यानं आपल्याच चर्चला सुनावलं की न्यायाशिवाय समेटाची भाषा म्हणजे अन्यायाला साथ. पुढं सत्य आणि समेट आयोग बसला. ज्यांनी खून केले त्यांतले कित्येक खरं सांगून सुटले. पीडितांना 2003 मध्ये एकरकमी 30,000 रँड जाहीर झाले. आयोगानं सुचवलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी कमी. सत्य बाहेर आलं हे मोठंच. पण तराजू बघा, एकीकडं सुटका, एकीकडं चिल्लर.

०

मग ख्रिस्ताद्वारे देवाशी समेट ही शिकवण फेकून द्यायची का? मी बौद्ध आहे, मला देवच नाही, मला ती ठेवायचीही गरज नाही. पण मामाला होती. ज्या माणसाला गावानं चपलेनं मारलं, त्याला कुणीतरी सर्वांत मोठा आपण होऊन भेटायला येतो, हिशोब मागत नाही, हे त्याला जगायला पुरलं. ते मी हिसकावणार नाही. माझी तक्रार त्या शिकवणीच्या मधोमध झालेल्या अफरातफरीशी आहे. देवानं केलेला समेट चोराच्या खात्यावर जमा करतात, तिथं माझा नकार आहे.

फ्रेमवर धागा तुटला की आधी कांडीवरचं टोक शोधावं लागतं. ते न शोधता वरच्या वर चिकटवलं तर पुढच्या फेरीत पुन्हा तुटतं. हे नवा बदली कामगारसुद्धा आठवड्यात शिकतो.

त्या दिवशी मामा बराच वेळ गप्प होता. मग पाळकसाहेबांना म्हणाला, "देवाचं नि माझं मिटलंय, तुम्ही काळजी करू नका. याचं बांध मोजल्यावर बघू." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. तो बडा शेतकरी चहा न घेताच गेला. पाळकसाहेब थोडा वेळ बसले, मग त्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी समेट हा शब्द घेतला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

मामा नवव्या दिवशी गेला. मोजणीचा अर्ज मामीनं भरलाय, फी भरलीय. तारीख पडली की मी रजा टाकून जाणार आहे. पाळकसाहेबांनाही बोलावणार आहे. त्यांनी बायबल घेऊन बांधावर यावं, आणि पाचवा अध्याय तिथं उभं राहून त्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावा.