मालकीची भूमी आणि निरीक्षणाची नीती : आल्डो लिओपोल्ड यांच्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'चे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील पर्यावरणविषयक लेखनात आल्डो लिओपोल्ड (१८८७-१९४८) यांच्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. तथापि या ग्रंथाची ओळख प्रामुख्याने त्याच्या अखेरच्या भागातील 'द लँड एथिक' या एकाच निबंधाद्वारे करून दिली जाते. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा नैतिक समाजात समावेश व्हावा, हे त्या निबंधाचे प्रतिपादन पर्यावरणनीतीच्या चर्चेत वारंवार येते. परिणामी सिद्धान्त हाती राहतो आणि तो ज्या शेतावर घडत गेला ते शेत मात्र नजरेआड होते. या ग्रंथाचे खरे बळ त्याच्या पहिल्या भागात, म्हणजे एका उजाड शेतावरील वन्यजीवांच्या बारमाही निरीक्षणात आहे आणि भूमिनीतीची सामर्थ्ये व मर्यादा या दोहोंचा उगमही तेथेच शोधावा लागतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखक आणि त्याची भूमी

लिओपोल्ड यांचे शिक्षण येल विद्यापीठात वनशास्त्रात झाले. १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या वन सेवेत रुजू झाले. १९३३ मध्ये त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकारयोग्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या ज्या पाच साधनांनी वन्यजीवांचा ऱ्हास झाला, तीच साधने विवेकाने वापरल्यास वन्यजीव पुन्हा वाढवता येतील, ही या पाठ्यग्रंथाची भूमिका होती. तीत व्यवस्थापकाच्या क्षमतेवर पुरेपूर विश्वास आहे.

१९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी, सॉक काउंटीत, एक कस गेलेले शेत विकत घेतले. पूर्वीच्या मालकाचे घर जळून गेले होते. उरलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याची डागडुजी करून कुटुंबाने तेथे सुट्टीतील निवारा उभारला. पत्नी व पाच मुलांसह त्यांनी त्या रेताड जमिनीत हजारो पाइन वृक्ष लावले. 'सँड काउंटी' नावाचा कोणताही जिल्हा अस्तित्वात नाही. ते त्या रेताड प्रदेशाचे सर्वसाधारण नाव आहे. पाठ्यग्रंथातील आत्मविश्वासाची कसोटी या जमिनीवर लागली आणि तेथील अनुभवाने तो बराच नरमला.

बारा महिन्यांची रचना

पहिल्या भागाची रचना जानेवारी ते डिसेंबर अशी आहे. मराठी वाचकाला येथे बारमासा या काव्यप्रकाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु बारमाशात ऋतू हा बहुधा मानवी मनोवस्थेचा साक्षी असतो. लिओपोल्ड यांच्याकडे हा क्रम उलटा आहे. जानेवारीत बर्फ वितळू लागताच बिळातून बाहेर पडलेल्या स्कंकच्या पावलांचा माग ते काढतात. त्या वाटेवर भेटणाऱ्या उंदराच्या लेखी बर्फ हे बोगद्यांचे आच्छादन आहे, तर ससाण्याच्या लेखी बर्फाचे वितळणे म्हणजे शिकारीची संधी. एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी अर्थ मांडून लेखक स्वतःचा तिसरा अर्थ लादण्याचे टाळतो. स्कंक कोठे व कशासाठी चालला होता, हा प्रश्नही तो अनुत्तरित ठेवतो. निरीक्षणाची ही शिस्त संपूर्ण पहिल्या भागाचा पाया आहे.

फेब्रुवारीतील 'गुड ओक' या निबंधात विजेने मेलेला ओक करवतीने कापताना खोडाची एकेक वर्तुळे उलट क्रमाने उलगडत जातात. प्रत्येक वर्तुळाबरोबर विस्कॉन्सिनमधील वन्यजीवांच्या ऱ्हासाची आणि संरक्षणाच्या प्रयत्नांची एकेक नोंद येते. १८६५ च्या सुमारास हे रोप उगवले, तेथे करवत थांबते. सरपण तोडणे हे शेतावरील साधे काम. त्यातून इतिहासकथनाची पद्धत निर्माण करणे, हे या निबंधाचे वाङ्मयीन यश होय.

डिसेंबरमधील '६५२९०' या निबंधात पायात क्रमांकाचे कडे घातलेल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याची हकीकत आहे. दशकभरात कडी घातलेल्या ९७ पक्ष्यांपैकी ६७ पहिल्या हिवाळ्यानंतर पुन्हा दिसले नाहीत. पाच हिवाळे पाहणारा केवळ एक निघाला. ही आकडेवारी विमा व्यवसायाच्या मिश्किल भाषेत मांडली आहे. त्या विनोदाखाली एका जिवाच्या टिकून राहण्याविषयीचे कुतूहल जाणवत राहते. याच काळातील ऋतुनोंदींवर आधारित शोधनिबंध लिओपोल्ड व सारा एलिझाबेथ जोन्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कन्या नीना लिओपोल्ड ब्रॅडली व सहकाऱ्यांनी त्या नोंदींची नव्या नोंदींशी सांगड घालून वसंतातील अनेक घटना लवकर घडू लागल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. छंद म्हणून झालेल्या नोंदींना हवामानबदलाच्या पुराव्याचे मोल आले.

व्यवस्थापकाची शंका

नोव्हेंबरमधील दोन निबंध या चर्चेत निर्णायक ठरतात. 'ॲक्स-इन-हँड'मध्ये पाइन व बर्च ही झाडे परस्परांच्या वाढीच्या आड येतात, तेव्हा कुऱ्हाड नेहमी बर्चवरच का चालते, याची लेखक चिकित्सा करतो. पाइन आपण लावला, बर्च आपोआप उगवला, पाइन दीर्घायुषी आहे, अशी कारणे तो एकेक करून तपासतो. त्यांतील कोणतेही पूर्णपणे समाधानकारक ठरत नाही आणि अखेरीस पक्षपात तेवढा शिल्लक राहतो. शेजारच्या शेतकऱ्यांचे पक्षपात निराळे असतात, हेही तो नमूद करतो. जमिनीवरील प्रत्येक निर्णय ही मालकाची सही असते, ही जाणीव येथे व्यक्त झाली आहे.

'अ मायटी फोर्ट्रेस'मध्ये विकत घेतलेल्या झाडीत जवळजवळ झाडांइतकेच रोग असल्याचे लक्षात येते. वनशास्त्राच्या दृष्टीने हा तोटाच होता. परंतु पोकळ खोडांत रॅकून राहतात, मधमाश्या पोळी करतात, किडींवर पक्षी जगतात, हे दिसल्यावर रोग आणि आश्रय यांतील सीमारेषा पुसट होते. स्वतःच्याच शास्त्राला निरीक्षणाच्या आधारे प्रश्न विचारण्याचे असे धैर्य व्यवस्थापनविषयक लेखनात क्वचितच आढळते.

दुसऱ्या भागातील 'थिंकिंग लाइक अ माउंटन' हा निबंध याच धाग्याचा विस्तार आहे. तरुणपणी ॲरिझोनात लांडगीण मारल्याची कबुली त्यात येते. ही कबुली सहजासहजी आलेली नाही. आपणही लांडग्यांच्या संहारात सहभागी होतो हे लिहावे, असा आग्रह त्यांचे माजी विद्यार्थी अल्बर्ट हॉकबॉम यांनी पत्रांतून धरला होता. निबंध १९४४ चा आहे. आदल्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये वाढलेली हरणांची संख्या कमी करण्यासाठी माद्यांच्या शिकारीलाही परवानगी देण्यात आली होती. त्या धोरणाचे समर्थन केल्याने लिओपोल्ड जनक्षोभाचे लक्ष्य झाले होते. निबंधातील शांत सुरामागे हा वाद आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे पूर्ण आकलन होत नाही.

मर्यादा

या ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा वैज्ञानिक आहे. भक्षक नष्ट झाले की हरणे बेसुमार वाढून डोंगर उजाड होतात, या धारणेला कैबाब पठाराच्या उदाहरणाचा मोठा आधार दिला जात असे. १९७० मध्ये ग्रॅम कॉग्ली यांनी त्या उदाहरणातील पुरावा अपुरा असल्याचे दाखवले. नंतरच्या वृक्षवयाच्या अभ्यासांनी मूळ मताला काही प्रमाणात पुष्टी दिली असली, तरी निबंधातील कार्यकारणाचा ठामपणा विज्ञानापेक्षा प्रतिमेच्या बळावर उभा आहे.

दुसरी मर्यादा इतिहासविषयक आहे. 'गुड ओक'मधील काळ १८६५ शी थांबतो. हा प्रदेश होचंक लोकांकडून १८३७ च्या करारान्वये घेतला गेला, हे सत्य करवतीच्या टप्प्यापलीकडेच राहते. 'द लँड एथिक'चा प्रारंभ ओडिसियसने दासींना दिलेल्या मृत्युदंडाने होतो आणि नीतीची कक्षा कालांतराने विस्तारत गेली, असे सुचवले जाते. गुलामगिरीचे उदाहरण प्राचीन ग्रीसमधून घेताना अमेरिकेतील गुलामगिरीविषयी मौन बाळगले जाते, या विसंगतीकडे लॉरेट सॅव्हॉय यांनी 'ट्रेस' (२०१५) या ग्रंथात लक्ष वेधले आहे. हा आक्षेप ग्राह्य मानावा लागतो.

तिसरी मर्यादा आर्थिक आहे. लिओपोल्ड यांची उपजीविका त्या शेतावर अवलंबून नव्हती. पिकाची नासाडी झाली म्हणून त्यांना कर्ज काढावे लागणार नव्हते. रोगट झाड तसेच राहू देण्याची उदारता नियमित वेतनाच्या आधारावर उभी होती. ज्याचे वर्ष रानडुकरांच्या एका रात्रीत बुडू शकते, अशा शेतकऱ्याला भूमिनीती सांगताना खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल. खासगी मालकाच्या सदसद्विवेकावर भिस्त ठेवणारा हा ग्रंथ त्या प्रश्नाला पुरेसे उत्तर देत नाही.

समारोप

लिओपोल्ड यांनी ग्रंथाला 'ग्रेट पझेशन्स' असे शीर्षक योजले होते. प्रकाशकाची स्वीकृती मिळाल्यानंतर आठवडाभरातच, शेजारच्या जमिनीवरील आग विझवताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. शीर्षक नंतर बदलण्यात आले. मूळ शीर्षकातील उपरोध त्यामुळे हरवला. त्याच नावाच्या जुलैमधील निबंधात कागदोपत्री १२० एकरांचा मालक पहाटे बाहेर पडतो आणि प्रत्येक पक्षी आपापल्या हद्दीची द्वाही फिरवताना ऐकतो. महसुली दप्तरातील मालकी त्या वेळी हास्यास्पद ठरते.

या ग्रंथाचा शेवटचा निबंध पहिल्या भागापासून तोडून शिकवला, तर भूमिनीती हे केवळ उपदेशपर सूत्र उरते. तो पहिल्या भागासह शिकवला, तर ते सूत्र कोणत्या कामांतून, कोणत्या शंकांतून आणि कोणत्या मौनांसह घडले, हे विद्यार्थ्यास दिसते. जमीन हाती असलेल्या माणसाने स्वतःच्या कुऱ्हाडीचा पक्षपात नोंदवून ठेवावा, ही या ग्रंथाची सर्वांत टिकाऊ शिकवण आहे. त्याच कसोटीवर खुद्द लिओपोल्ड यांचे लेखन तपासणे त्यांच्या पद्धतीशी सुसंगतच ठरते.