श्रद्धा, लेखणी आणि उपजीविका : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या साहित्यजीवनाचा पुनर्विचार

प्रस्तावना :

मराठी वाङ्मयेतिहासात ‘ख्रिस्ती साहित्य’ हा एक स्वतंत्र कप्पा मानला जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (1616), बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी (1857) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भक्तिगीते त्यात ओळीने बसविली जातात. या वर्गीकरणाने टिळकांचे मात्र दोन तुकडे केले. ‘फुलामुलांचे कवी’ टिळक पाठ्यपुस्तकांत गेले आणि ख्रिस्तभक्त टिळक चर्चच्या उपासनेपुरते उरले. पहिल्या टिळकांचे कौतुक करताना दुसऱ्या टिळकांकडे सौजन्याने दुर्लक्ष करण्याची सवय समीक्षेला जडली. ही वाटणी टिकणारी नाही, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. टिळकांची श्रद्धा काव्याचा एक विषय म्हणून वेगळी काढता येत नाही. काव्यरूपाची निवड, घराची घडण आणि उपजीविकेचा निर्णय या तीन ठिकाणी तिची कसोटी लागली. त्या क्रमाने येथे विचार केला आहे.

काव्यरूपाची निवड :

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण अंबरनाथपासून जवळच असलेल्या कल्याणात झाले आणि संस्कृतचे अध्ययन नाशिकला. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळातील मराठी उपासनागीते बऱ्याच अंशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. शब्द मराठी असले तरी वळण परके होते. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या रूपांना जवळ केले. हा केवळ प्रचाराच्या सोयीचा भाग होता, असे म्हणता येणार नाही. संतकवितेच्या, विशेषतः तुकारामांच्या, आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भूमिका होती. ज्या भाषेत श्रद्धा उमगली त्याच भाषेत ती बोलावी, हा त्यामागील न्याय होय. स्टीफन्स यांनीही ओवी स्वीकारली होती. परंतु परदेशातून आलेल्या धर्मोपदेशकाने येथील छंद आत्मसात करणे आणि त्याच छंदात वाढलेल्या कवीने तो नव्या श्रद्धेसाठी राखणे यांत फरक आहे. टिळकांना काही टाकून द्यावे लागले नाही. आपल्या वारशाचा अर्थ मात्र नव्याने लावावा लागला.

येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. जेथे शिकवण आधी ठरलेली असते आणि ओळी तिच्या मागून येतात, तेथे टिळकांची रचना सपाट होते. ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतील करुणा ख्रिस्ताचे नाव न घेताही त्यांच्या श्रद्धेच्या जवळची वाटते, तर उपदेशाच्या हेतूने केलेल्या कित्येक रचना चालीवरच तरतात. तेव्हा विषय धार्मिक आहे की नाही यावर दर्जा ठरत नाही. तो अनुभव आधी की निष्कर्ष आधी यावर ठरतो.

घर :

धर्मांतराची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात या ताटातुटीचे दुःख आहे. पतीचा विक्षिप्त, उधळा आणि उदार स्वभावही आहे. सोवळेओवळे आणि जातिभेद मनातून टप्प्याटप्प्याने कसे सुटत गेले, हे त्यांनी कोणताही आव न आणता सांगितले आहे. स्वतःवर हसण्याची त्यांची ताकद या कथनाला प्रचारापासून वाचविते.

याच घरात बालकवी ठोमरे काही काळ राहिले. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात त्यांच्या प्रतिभेची ओळख पटल्यावर टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी आश्रय दिला. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. एका धर्मोपदेशकाच्या घरात परधर्मीय कवीला मुलासारखी माया मिळते आणि त्याच्या श्रद्धेला धक्का लागत नाही, ही गोष्ट टिळकांच्या धर्मविषयक लेखनाइतकीच बोलकी आहे.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले; ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. तथापि मराठी वाचकाच्या मनात घर केले ते ‘स्मृतिचित्रे’ने. ख्रिस्ताचे चरित्र सांगणाऱ्या महाकाव्यापेक्षा संसाराची हकीकत सांगणाऱ्या गद्यातून श्रद्धा अधिक खोल उतरली, हे समीक्षकाने मान्य करावयास हवे.

उपजीविका :

टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले आणि 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन पाहिले. श्रद्धेसाठी लिहिणे आणि श्रद्धेच्या संस्थेकडून वेतन घेणे या दोन गोष्टी वरवर एकच भासतात. पण दुसरीमुळे पहिलीवर सावली पडू शकते. श्रोत्याला कवीचा शब्द हा पगारी शब्द वाटू लागतो. 1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. पुढे दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. तरीही लेखकाचे स्वातंत्र्य आणि भक्ताची निष्ठा यांचा त्यांनी लावलेला मेळ या निर्णयात सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

निष्कर्ष :

हा प्रश्न टिळकांबरोबर संपला नाही. उस्मानाबाद येथे जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणाने काहींनी आक्षेप घेतला. ‘सुवार्ता’चे संपादन, ‘सुबोध बायबल’ आणि वसईच्या हरित चळवळीतील सहभाग ही त्यांची कामे सर्वांसमोर होती. ते 2024 मध्ये निवर्तले. श्रद्धा ही लेखकत्वाला बाहेरून चिकटलेली वस्तू आहे, हे त्या आक्षेपामागील गृहीतक मात्र उरले आहे. टिळकांना दोन कप्प्यांत वाटणारी समीक्षाही नकळत तेच गृहीत धरते. लेखकाचा धर्म कोणता हे विचारून त्याच्या साहित्याचे मोल होत नाही. आणि तो धर्म बाजूला सारूनही होत नाही. त्या श्रद्धेने त्याला कोणती भाषा दिली, कोणाला घरात घेण्याचे बळ दिले आणि काय सोडावयास लावले, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.